पोर सांभाळणं कुठल्या मापात?

मामा,

तुम्ही गेलात त्याचं दुःख आहेच, पण आज आधी राग सांगते. दुःख करायला घरात माणसं पुष्कळ आहेत. आत्याबाई आहेत, रजा काढून आलेला तुमचा लेक आहे, तुमच्या बहिणी आहेत. तुमच्या हाताखाली शिकलेले अर्ध्या तालुक्यातले लोक येतात, ओसरीवर बसतात, डोळे पुसून जातात. राग मात्र माझ्या एकटीच्या वाट्याला आलाय. चैत्राच्या उन्हात डोक्याला नुसती टोपी घालून तुम्ही जिल्ह्याला निघालात, तेव्हा दारात आडवी उभी राहिले होते ती मी. आणि "नर्सबाई, बाजूला व्हा, एस.टी. चुकेल," असं हसत म्हणून माझ्या बाजूनं निसटलात ते तुम्ही.

वादात उतरलात की मी नर्सबाई व्हायची. एरवी सिंधू.

ओसरीवर बसून लोक तुमच्याबद्दल जे बोलतात ते ऐकून माझं डोकं उठतं. "मास्तर म्हणजे देवमाणूस. कधी कुणाला उलट बोलणं नाही." उलट बोलणं नाही? मग गेलं वर्षभर या घरात रोज दिवेलागणीला काय चाललं होतं? तुम्ही ओट्यावर अडकित्ता घेऊन बसलेले, मी आत चुलीपुढं रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, त्या मिलोच्या, लाल पिठाशी झटापट करत असलेली, आणि मधे उंबरा. भाकरी थापताना चिरा पडायच्या, तशी मी चिडायची, आणि तुम्हाला वाटायचं तुमच्यावरच चिडलेय. बऱ्याचदा ते खरंही असायचं. डोक्यावरचा पदर मी कधी पडू दिला नाही आणि तोंडातून गेलेला शब्द कधी परत घेतला नाही. आत्याबाई सासूच्या हक्कानं म्हणायच्या, "आगं, सासरा हाय त्यो तुजा, वकील न्हाई." त्यावर तुम्हीच हसून म्हणायचात, "बोलू दे तिला. समितीत सगळे माना डोलावणारे आहेत. घरात तरी कुणी नाही म्हणणारं असू दे."

ही मोकळीक मला कुठून मिळाली ते मी विसरलेले नाही. लग्न होऊन आले तेव्हा दहावी झालेली मी एक पोरगी होते. नगरला नर्सिंगच्या शिक्षणाला सुनेला पाठवायचं तुम्ही ठरवलंत, तेव्हा भावकी घरी येऊन बसली होती. "बाळंतपणं करत गावोगाव फिरणार काय मास्तरची सून?" तुम्ही म्हणालात, "तुमच्या घरची बाई अडली की कुणाच्या दारात येणार आहात, ते आत्ताच सांगून ठेवा." बसनं मला सोडायला तुम्ही स्वतः आलात. वाटेत मला बस लागली. तुम्ही खिडकीची जागा मला दिलीत, आपला धुतलेला रुमाल दिलात आणि तोंड दुसरीकडं वळवून बसलात. सासऱ्यासमोर ओकारी काढायची म्हणून मी मेल्याहून मेली झाले होते. तुम्ही नगर येईपर्यंत पलीकडच्या माणसाशी ज्वारीच्या भावाबद्दल बोलत राहिलात. त्या वळवलेल्या तोंडाचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज बोलतेय, तर ऐकायला तुम्ही नाही.

असो. राग सांगत होते.

आपला वाद सुरू झाला सुकडीवरून. पाऊस दुसऱ्या वर्षीही गेला, विहिरींनी तळ दाखवला आणि नाथाच्या माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. सगळी वाडी तिकडं लोटली. मग पोरांसाठी सरकारची सुकडी, भाजलेल्या पिठाचा गोड पौष्टिक खाऊ, आली. ती वाटायची कुठं, एवढाच प्रश्न होता. पंचायत समितीत तुम्ही सदस्य. तुम्ही म्हणालात, शाळेत. मी म्हणाले, तळ्यावर.

"शाळेत खाऊ मिळाला तर पोरं शाळेत येतील," तुम्ही म्हणायचात. "तळ्यावर दिला तर शाळा मेली म्हणून समज."

"आणि जी पोरं शाळेच्या वयाचीच नाहीत ती? रांगती, अंगावरची? ती सगळी तळ्यावर धुरळ्यात पडलीयत. पाय काड्या आणि पोटं नगारे. त्यांनी सुकडी खायला शाळेत चालत यायचं का?"

"शाळा एकदा बंद पडली की पुन्हा उघडत नाही, सिंधू."

हे तुम्ही उगाच म्हणत नव्हता. तुमच्या लहानपणच्या दुष्काळात गावची शाळा बंद पडली होती. पाऊस आला, शाळा उघडली, पण तुमच्या वर्गातलं दुसरं कुणीच परत आलं नाही. कुणी गुरं राखायला लागलं, कुणी मुंबईला गेलं, कुणी गेलंच. तुम्ही एकटे पाटी घेऊन बसलात. साठी उलटली तरी ती रिकामी शाळा तुमच्या डोळ्यांपुढून गेली नव्हती. मला ते कळत होतं. पण मला रोज दिसत होती ती पोरं जिवंत होती आणि वाळत चालली होती. तुमच्या वेळच्या पोरांसाठी मी ह्या पोरांना कशी थांबवू?

समितीनं मधला मार्ग काढला. 'दोन्ही ठिकाणी वाटप व्हावं' असं ठरलं आणि महिनाभर दोन्ही ठिकाणी वाटप झालं नाही. पोती गोदामात पडून राहिली. तुम्ही माझ्यावर वैतागलात, मी तुमच्यावर. दोघांनीही ज्यांच्यावर वैतागायला हवं होतं ते मात्र सतरंजीवर बसून चहा पीत होते.

मग एक दिवस तुम्ही भर दुपारी तळ्यावर आलात. चौथीचा वर्ग ओस पडला म्हणून पोरं गोळा करायला. मी झाडाखाली एका पोराचे डोळे पुसून औषध घालत होते. तुम्ही मला पाहिलंही नाही, सरळ हौसाकडं गेलात. हौसा म्हणजे वरच्या आळीतली, नवरा कारखान्यावर ऊस तोडायला गेलेला, आणि ही इथं मातीची पाटी उचलणारी. तिची कमळ तुमची लाडकी. पेन्शन झाल्यावरही तुम्ही रोज शाळेत एक तास घ्यायचात, त्यात पाढे घडाघडा म्हणणारी. ती कमळ बाभळीच्या वितभर सावलीत धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती.

"हौसा, हिला उद्यापासून शाळेत धाड," तुम्ही म्हणालात.

हौसानं डोक्यावरची पाटी रिकामी केली, चुंबळ काढून घाम पुसला.

"धाडते की, मास्तर. आन् बाळूला कुनाच्या मांडीवर ठिवू? मुकादमाच्या?"

बाया हसल्या. मुकादमही हसला. तुम्ही नाही हसलात. कमळच्या शेजारी खाली बसलात आणि तिला सातचा पाढा म्हणायला लावलात. तिनं म्हटला. मधेच बाळू रडला, ती त्याला थोपटत थोपटत पुढं म्हणत राहिली.

त्या संध्याकाळी ओट्यावर अडकित्ता वाजला नाही. मी भाकरी वाढली तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपण दोघंही चुकीच्या ठिकाणी भांडतोय, नर्सबाई. सुकडी इथं का तिथं, हा प्रश्नच नाही. त्या पोरीच्या मांडीवरचं पोर कोण घेणार, हा प्रश्न आहे."

"गजराआजी घेईल," मी सहज बोलून गेले.

गजराआजी रोज तळ्यावर यायची. पाठीचं धनुष्य झालेलं, पाटी उचलता येत नाही, हातोडी धरता येत नाही. मुकादम रोज तिला परत पाठवायचा आणि ती रोज यायची. घरी कुणी नव्हतं आणि काम केल्याशिवाय धान्य नव्हतं. सरकारचा नियमच तसा होता. मदत हवी तर काम करा. काम करता येत नसेल तर काय, ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "म्हातारीला काम, पोरांना सावली, कमळला शाळा," तुम्ही म्हणालात. मग आत बघून मोठ्यानं, "ऐकलं का, तुमची सून माझ्यापेक्षा शहाणी निघाली." आत्याबाई म्हणाल्या, "मला म्हाईतच हुतं. जेवा आदी."

आपल्या दोघांचं एकमत झालेली ती बहुधा एकच संध्याकाळ. तीही फार टिकली नाही.

समितीच्या सभेला मी मागं भिंतीला टेकून बसले होते. देवीच्या लसीचा आढावा होता म्हणून बोलावलेली. नोकर माणसानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तुम्ही उठून ठराव मांडलात, की दुष्काळी कामावर पोरं सांभाळायला एक बाई ठेवावी, तिचं नाव मजुरांच्या हजेरीपटावर, मस्टरवर, घ्यावं, इतर मजुरांसारखीच तिला मजुरी द्यावी.

सभापती म्हणाले, "मास्तर, विचार चांगला आहे. पण हे काम म्हणायचं कसं? माती असली तर चौकडी मोजता येते. खडी असली तर ब्रासमध्ये भरते. पोर सांभाळणं कुठल्या मापात बसवायचं?"

तुमच्या शेजारचे बागाईतदार म्हणाले, "पोरं काय, बाया घरी सांभाळतातच की. त्याला कुणी पगार देतं का?"

"आमची सून म्हणते..." तुम्ही सुरुवात केलीत आणि सभेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "आता समिती सुनेच्या सांगण्यावर चालवायची का, मास्तर?"

माझी मान खाली गेली. तुमची नाही गेली.

"सून म्हणून नाही म्हणत ती. नर्स म्हणून म्हणते. पगार तुम्हीच देता तिला. ज्याचा पगार देताय ते ऐकून घ्यायला काय जातंय?"

ठराव नामंजूर झाला नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तो 'मार्गदर्शनासाठी' वर गेला. काही आठवड्यांनी परत आला. खर्च कोणत्या सदराखाली टाकायचा? शिक्षण म्हणालं, ही पोरं शाळेच्या वयाची नाहीत. आरोग्य म्हणालं, ही पोरं आजारी नाहीत. दुष्काळ निवारण म्हणालं, हे काम नाही. तुम्ही प्रत्येक वेळी नवं उत्तर लिहायचात, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. मी म्हणायची, "मामा, त्यांना द्यायचंच नाहीये." तुम्ही म्हणायचात, "द्यायचं नसतं तर त्यांनी विचारलं नसतं." तुमचा हा विश्वास मला तेव्हाही कळला नाही, आताही कळत नाही. एवढी वर्षं सरकारी शाळेत काढून माणूस इतका भाबडा कसा राहतो?

तोवर तळ्यावर गोवर आला.

त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे. मी वस्तीवस्तीनं हिंडत होते, आजारी पोरं घरी ठेवा म्हणून सांगत होते. बाया ऐकून घ्यायच्या आणि सकाळी पोराला फडक्यात गुंडाळून कामावर यायच्या. कारण घरी ठेवायचं म्हणजे आईनं घरी राहायचं, आणि आई घरी राहिली की त्या दिवशी चूल नाही. गोवर उतरल्यावर बाळूला जुलाब लागले. मी साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत होते, कमळनं त्याचं डोकं धरलं होतं. हौसा पाटी टाकून येऊन बघायची आणि मुकादमानं हाक मारली की परत जायची. ती पाटी घेऊन गेलेली असतानाच ते पोर गेलं. मुकादम मग स्वतः धावत तिला बोलवायला गेला. तो वाईट माणूस नव्हता. कुणीच वाईट नव्हतं मामा, माझा राग या गोष्टीवरच तर आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हौसा सकाळी शाळेच्या दारात उभी राहिली. तुम्ही तुमचा तास घेत होता. ती कमळचा हात धरून आली आणि म्हणाली, "घ्या मास्तर हिला. आता मांडीवर कोन न्हाई."

हे तुम्ही घरी येऊन सांगितलंत. सांगितलंत म्हणजे एवढंच वाक्य बोललात आणि पाट सोडून उठलात. ज्या पोरीला शाळेत आणायला तुम्ही उन्हातून तळ्यावर गेला होता ती शाळेत आली होती. आत्याबाईंनी ताट झाकून ठेवलं. ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तळ्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरला भेटलात. तुम्हीच शिकवलेला मुलगा तो. तुमच्यापुढं त्याचं काही चाललं नाही. कामावर पाणी पाजणाऱ्या बाईची जागा नियमात असते. एक बाई होती, त्यानं दुसरी दाखवली. गजराआजी 'पाणी पाजणारी' झाली. तिच्या हातात मी कधी घागर पाहिली नाही. बाभळींना गोणपाटं बांधून सावली केली होती. तिथं ती पोरांच्या गराड्यात बसायची. एक मांडीवर, एक पाठीला टेकलेलं, बाकीची मातीत. पोरांना सुकडीही तिथंच मिळायला लागली. मोठ्या बहिणी शाळेत आल्या. मी आजीला हात धुवायला शिकवलं. ती म्हणाली, "हात धुवायला पानी लागतंय, बाई, आन् मी तर पानी पाजनारी," आणि बोळकं उघडून हसली. किती दिवसांनी तुम्हीही हसलात त्यावर.

तपासणीला साहेब आले. चांगले शिकलेले, तरुण. त्यांनी विचारलं, "एवढ्याशा कामावर पाणी पाजायला दोन बाया कशाला?" आणि खोटं नव्हतंच बोलत ते. गजराआजीचं नाव कापलं. ती दुसऱ्या दिवशीही आली, मुकादमानं तिला परत पाठवलं, आणि पोरं पुन्हा बहिणींच्या मांडीवर गेली.

त्या संध्याकाळी आपलं शेवटचं भांडण झालं. मला ते शब्दन् शब्द आठवतंय, कारण ते संपलंच नाही.

मी म्हणाले, "पुरे झालं मामा हे काम काम. गजराआजीला काम नको. तिला धान्य द्या. म्हातारी आहे, कुणी नाही, एवढं कारण पुरत नाही का? बाळंतिणीला द्या, अंगावर पोर असलेलीला द्या. त्यांनी कशाला सिद्ध करायचं की आम्ही काहीतरी मोजण्याजोगं करतोय?"

"फुकट दिलेलं टिकत नाही, सिंधू. आज देतील, उद्या हात आखडता घेतील. कामाचा दाम हक्कानं मागता येतो. भीक हक्कानं मागता येत नाही."

"भीक कशी? ती माणूस आहे म्हणून द्यायचं."

"माणूस आहे एवढ्यावर सरकारनं कधी कुणाला काही दिलंय?"

"मग देत नाही म्हणून आपण मागायचंही नाही?"

तुम्ही अडकित्ता मिटून ठेवलात. मग म्हणालात, "उद्या जिल्ह्याला जाऊन येतो. समोरासमोर बोलल्याशिवाय हे सुटायचं नाही. परत आलो की तुला उत्तर देतो."

ते उत्तर तुम्ही माझं बाकी ठेवलंत.

जिल्ह्याला तुम्ही दिवसभर बाकावर बसलात, असं तुमच्याबरोबर एस.टी.त परत आलेल्या माणसानं सांगितलं. साहेब दौऱ्यावर होते. तुम्ही थांबलात, येतील म्हणून. पाणीही प्यायला उठला नाहीत, नंबर जाईल म्हणून. घरी आलात ते तापानं फणफणत. मी ओल्या चादरी गुंडाळल्या, डॉक्टरांना बोलावून आणलं, शिकले होते ते सगळं केलं. तुम्ही शुद्धीत होता तोवर बाकावरच होता. "बोलावलं का?" एवढंच विचारत होता. ज्या सुनेला तुम्ही नर्स केलंत तिच्या हातात तुम्ही गेलात. ती नर्स सकाळी दारात आडवी उभी होती, तेव्हा तिचं ऐकायला काय झालं होतं मामा तुम्हाला?

सुतक फिटल्यावर मी कामावर गेले. हौसानं पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "मास्तरांचा ठराव कुटवर आला?"

"परत आलाय. बाजारच्या दिवशी सभा आहे, तिथं निघेल."

"मास्तर न्हाईत. मग बोलनार कोन?"

"कोणी नाही."

"तुमी बोला की."

"मला बोलायची परवानगी नाही, हौसा. मी नोकर."

ती "बरं" म्हणाली आणि कामाला लागली. मला वाटलं, विषय संपला.

बाजारच्या दिवशी तळ्याला सुट्टी. सभेत मी नेहमीसारखी भिंतीला टेकून बसले होते. सभापतींनी आधी तुमच्या दुखवट्याचा ठराव वाचला. शिक्षणासाठी झिजलेले वगैरे. चर्चा नाही, शंका नाही, सदर कोणतं ते विचारलं नाही. तुमचा इतक्या झटपट मंजूर झालेला हा एकच ठराव. मग सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले.

आणि त्या शांततेत हौसा दारातून आत आली. तिच्या मागं तळ्यावरच्या बाया, प्रत्येकीच्या कडेवर पोर. हौसाच्या कडेवर जावेचं होतं. माना खाली घालून हात जोडलेले सगळे सदस्य डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते, पण बोलणार कसं? बायांनी घाई केली नाही. एकेक पोर सतरंजीवर ठेवलं, एकीनं आपल्या पोराचं नाक पुसलं. शेवटी हौसानं तुमच्या नावानं हात जोडले. आणि सभापतींच्या तोंडाला वाचा फुटायच्या आत ती म्हणाली, "आमी बाजार करून येतो. तवर संबाळा. पोरं संबाळनं काय काम न्हाईच म्हनं." आणि बाया निघून गेल्या.

मग जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. एक रडलं की सगळी रडली. एकानं सतरंजी भिजवली. एक रांगत जाऊन सभापतींच्या धोतराला धरून उभं राहिलं. बागाईतदार एकाला हातभर लांब धरून "हां, हां" करत होते, जसं काही ते चावणार होतं. चार जणांनी चार सूचना केल्या, शिपायाला बिस्किटं आणायला पिटाळलं. सभापती माझ्याकडं वळून ओरडले, "अहो नर्सबाई, बघा की जरा!" माझे हात शिवशिवत होते. पण मी ते पदरात गुंडाळून म्हणाले, "साहेब, मी लसीच्या आढाव्याला आलेय."

बाया बाजारात गेल्याच नव्हत्या. बाहेर भिंतीआड बसून ऐकत होत्या. सदस्यांचे चेहरे घामानं डबडबल्यावर आत आल्या आणि आपापली पोरं उचलली. पोरं लगेच गप्प झाली. सभापतींनी रुमालानं धोतर पुसलं. "बरं बरं," ते म्हणाले, "ओव्हरसियरला मी तोंडी सांगतो. म्हातारीला घ्या परत. पाणी पाजणारी म्हणूनच दाखवा. वरून कुणी आलं तर मी बघतो."

बाया खूश झाल्या. सदस्य सुटलो म्हणून खूश झाले. कारकुनानं पुढचा विषय काढला. आणि मला इतका संताप आला मामा, की काय सांगू. एक पोर गेलं, एक मास्तर गेला, एवढा गोंधळ झाला, आणि म्हातारी पुन्हा पाणी पाजणारीच. पुढचे साहेब येणार, दोन बाया कशाला विचारणार, आणि नाव पुन्हा कापणार. माझं मन म्हणत होतं, तुम्ही असता तर उठला असता. मग बघते तर मीच उभी होते.

"सभापती साहेब," मी म्हणाले, "पाणी पाजणारी लिहू नका. मुलं सांभाळणारी असं लिहा. ते काम आहे. आत्ता सगळ्यांनी करून पाहिलं."

गटविकास अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. 'खाली बसा' असा त्याचा अर्थ होता. मी बसले नाही. पदर सावरला आणि उभी राहिले. सभापतींनी एकदा माझ्याकडं, एकदा हौसाकडं पाहिलं. हौसाच्या कडेवरचं पोर पुन्हा खाली उतरायला बघत होतं.

"लिही बाबा," ते कारकुनाला म्हणाले. "मुलं सांभाळणारी. एक. इतर मजुरांप्रमाणे."

सभा संपल्यावर गटविकास अधिकाऱ्यांनी मला बजावलं, की या वेळी सोडतोय, पुन्हा सभेत तोंड उघडलंत तर लेखी खुलासा द्यावा लागेल. ठरावही वरून परत येईल, मला माहीत आहे. एक बाई सगळ्या तळ्याला पुरणार नाही. पाऊस पडला की तळं बंद, मग गजराआजीचं काय, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी लिहिलंही नाही. आणि तिच्यासारख्या ज्या म्हाताऱ्यांना पोरंही सांभाळता येत नाहीत, अंथरुणाला खिळल्यात, त्या कोणत्या सदरात बसतात, तेही नाही.

म्हणून सांगते मामा, भर सभेत मी तुमचं ते कामाच्या दामाचं बोलणं बोलले, याचा अर्थ तुमचं मला पटलं असा काढू नका. त्या दिवशी हाताशी तेवढंच होतं म्हणून ते बोलले. म्हातारीला काही न करता द्यायला हवं, माझं अजूनही तेच म्हणणं आहे. उद्या सकाळी भाकरी थापतानाही तेच असेल.